ह्यांच्या फोनवर अजून ओटीपी येतात

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मिरजेत राहते, वय ६४. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने ते अचानक गेले. आमच्या ३८ वर्षांच्या संसारात स्वयंपाकघर, सणवार, मुलांच्या शाळा आणि नातीगोती माझ्याकडे, तर वीज, फोन, बँक, इंटरनेट हे सगळे त्यांच्याकडे, अशी वाटणी कोणी ठरवून केली नव्हती, पण ती वर्षागणिक पक्की होत गेली. त्यांनी दोनदा मला फोनवरून वीजबिल भरायला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा "तुम्ही आहात ना" असे म्हणून मी उठून गेले.

आता रोज काहीतरी समोर उभे राहते. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागतो आणि तो रात्री टीं-टीं वाजत राहतो. ह्यांच्या फोनवर अजून ओटीपी आणि हप्त्यांचे निरोप येतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, बाबांचा पिन मला माहीत आहे, त्यांच्या फोनवरूनच सगळी बिलं भरू, तू फक्त आलेला ओटीपी मला सांग." कॅनडातली मुलगी म्हणते, हे सगळे जुने काढून टाक आणि नवा महागातला फोन घे. दीर म्हणतात, गच्चीवर सोलर बसवून घ्या. त्यांनी पाठवलेला माणूस या महिन्यात अनुदान संपणार असे सांगून गेला. आता घरात मी एकटीच असल्याने वीजवापर महिन्याला ८०-९० युनिटच होतो. वायफायवाला मोठा प्लॅन घ्या म्हणून फोन करतो. त्यातच मागच्या आठवड्यात "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असा संदेश आला. मी त्यातल्या नंबरवर फोन केला, समोरच्याने एक ॲप उतरवायला सांगितले, आणि शेजारच्या वहिनी त्याच वेळी आल्या म्हणून मी वाचले.

ह्यांनी जपून ठेवलेले सगळे माझ्या एका चुकीने जाईल अशी भीती वाटते. आणखी एक गोष्ट लिहायला संकोच होतो. कधी कधी मला ह्यांचाच राग येतो, की त्यांनी मला काही दाखवून का ठेवले नाही. मी आधी काय करू?

— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातले सगळे प्रश्न एका दिवशी, एका आवाजात तुमच्यावर येऊन आदळत आहेत, म्हणून ते सारखेच तातडीचे वाटतात. तसे ते नाहीत. काही गोष्टी या आठवड्यात करायला हव्यात, काही दोन-तीन महिन्यांत झाल्या तरी चालतील, आणि काही गोष्टींना वर्षश्राद्धापर्यंत हात लावला नाही तरी तुमचे एका रुपयाचेही नुकसान होणार नाही. तुम्हाला तंत्रज्ञान कळत नाही ही तुमची खरी अडचण आहे असे मला वाटत नाही. कोणता निर्णय कधी घ्यायचा हे दुसरेच लोक ठरवत आहेत, आणि तेवढे मात्र तुम्ही आजच आपल्या हातात घेऊ शकता.

सुरुवात इन्व्हर्टरपासून करू या, कारण तो रात्रीची झोप मोडतो आणि तो बहुधा सर्वांत सोपा आहे. लाल दिवा आणि आवाज याचा अर्थ बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्यावर भार जास्त झाला आहे. घरोघरी असते तशी तुमची ट्यूब्युलर बॅटरी असेल, तर तिच्या डोक्यावर सहा झाकणे आणि प्रत्येकात पाण्याची पातळी दाखवणारी छोटी दांडी दिसेल. ती दांडी खाली, लाल खुणेजवळ गेली असेल तर पाणी कमी झाले आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ते पाणी बहुधा तुमचे यजमानच घालत असतील आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. पाणी डिस्टिल्डच लागते. ते बॅटरीच्या दुकानात मिळते. नळाचे किंवा फिल्टरचे पाणी घालू नये आणि ॲसिड तर मुळीच घालू नये. पहिल्या वेळी दुकानातल्या माणसाला घरी बोलवा, त्याला इन्व्हर्टर बंद करून, हातमोजे घालून पाणी भरायला सांगा आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून पाहा. पाणी खुणेच्या वर जाऊ द्यायचे नाही, एवढेच ध्यानात ठेवा. त्याने लगेच नवी बॅटरी घ्यायला सांगितले, तर आधी वॉरंटी कार्डावरची खरेदीची तारीख पाहा. चार-पाच वर्षे होऊन गेली असतील तर त्याचे म्हणणे खरे असू शकते. दोनच वर्षे झाली असतील तर आधी पाणी भरून, पूर्ण चार्ज करून आठवडाभर वाट पाहा. नवी घ्यावीच लागली तर जुन्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा होतात, ते मागायला संकोच करू नका. हे काम झाले की कॅलेंडरवर पुढची तारीख लिहून ठेवा.

आता ह्यांच्या फोनकडे वळू. तो बंद करू नका, त्यातले सिमकार्ड काढू नका आणि त्याचे रिचार्ज चुकवू नका. हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण माझे यजमान गेल्यावर मी नेमके उलटे केले होते. त्या फोनचा आवाज मला सोसवेना, म्हणून दुसऱ्याच महिन्यात मी त्यांचा क्रमांक बंद होऊ दिला, आणि पुढचे सहा-सात महिने प्रत्येक कचेरीत "नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे" हे वाक्य ऐकत उभी राहिले. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणजे तुमच्या विम्याचा किंवा गॅसचा निरोप कोण्या अनोळखी माणसाच्या हातात पडू शकतो. सिमकार्ड कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला, तुमचे ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा दिला की क्रमांक वारसाच्या नावावर करून मिळतो. तो तुमच्या नावावर करून घ्या. फोनचा आवाज नको असेल तर फक्त आवाज बंद करून फोन कपाटात ठेवा आणि दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, निरोप वाचा.

त्याच्याच जोडीने एक तपासणी करा. आपल्याकडे असंख्य घरांत बायकोच्या आधारकार्डाला आणि बँक खात्याला नवऱ्याचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. तुमचाही तसा असेल तर तो तुमच्या स्वतःच्या क्रमांकावर आणणे हे सगळ्या कामांचे मूळ आहे. आधारसाठी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि थोडे शुल्क द्यावे लागते, वेगळे कागदपत्र लागत नाही. बँकेसाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो. पुढची प्रत्येक गोष्ट या दोन नोंदींवर उभी राहणार आहे.

मुलाच्या सूचनेबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. तो प्रेमाने बोलतो आहे आणि त्याच्या मनात काही वावगे नाही, हे मी गृहीत धरते. तरीही खातेदार गेल्यानंतर त्याचा पिन, त्याचे कार्ड आणि त्याचे यूपीआय वापरण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. पत्नीला नाही आणि मुलालाही नाही. खाते तुमच्या दोघांच्या नावावर "दोघांपैकी एक किंवा हयात" अशा अटीवर असेल, तर मृत्यूचा दाखला देऊन त्यांचे नाव कमी करून घ्या आणि तेच खाते स्वतःच्या सहीने, स्वतःच्या कार्डाने वापरा. खाते एकट्या त्यांच्या नावावर असेल तर नॉमिनी म्हणून किंवा वारस म्हणून दावा दाखल करावा लागतो. वैध नामनिर्देशन असेल किंवा हयात खातेदाराची अट असेल, तर वारसा प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) यांचा आग्रह धरू नये आणि सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २००५ पासून सांगून ठेवलेले आहे. शाखेत कोणी "हे फार लांबचे काम आहे" म्हणाले तर हे शांतपणे सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नॉमिनी झाल्याने पैसे आपोआप एकटीच्या मालकीचे होत नाहीत, ते वारसांसाठी विश्वस्ताच्या नात्याने हाती येतात, हेही मुलांशी आताच मोकळेपणाने बोलून घ्या.

तुमच्या बाबतीत घाई करायला हवी असे आणखी एक कारण आहे. तुमचे यजमान निवृत्तिवेतनधारक होते. त्यांच्या निधनानंतरच्या काळाचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले असेल तर ते सरकार परत घेते, आणि मुलाने त्यातूनच बिले भरली तर पुढे वसुलीचे पत्र तुमच्या दारात येईल. कोषागाराला आणि बँकेला निधन कळवले नसेल तर हे काम याच आठवड्यात करा, म्हणजे तुमचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्याचा मार्गही मोकळा होईल. ते सुरू झाले की दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो २०१४ पासून "जीवन प्रमाण" या सोयीने डिजिटल पद्धतीने देता येतो आणि आता चेहऱ्याच्या ओळखीने घरच्या फोनवरूनही देता येतो. मोबाइलवरचे पहिले मोठे काम म्हणून हे शिकायला फार चांगले आहे, कारण त्यात एक पैसाही कोठे जात नाही.

मुलाला नाराज न करता काय सांगावे? त्याला म्हणा, "बाळा, मदत तू कर, पण बोटे माझी राहू देत." म्हणजे तो व्हिडिओ कॉलवर सांगेल आणि दाबाल तुम्ही, आणि पिन टाकताना पडद्याकडे त्याचेही लक्ष नसेल. सहा बिले तुमच्या हाताने भरली गेली की सातवे तुम्ही त्याला न विचारता भराल. वेळ त्यात जास्त जाईल, मुलगा कदाचित वैतागेल, तरीही हा हट्ट सोडू नका. मुलाला ओटीपी फोनवर वाचून दाखवण्याची सवय मला सगळ्यात जास्त धोक्याची वाटते. ती एकदा लागली की उद्या मुलाच्या नावाने, घाईघाईच्या आवाजात दुसऱ्या कोणी मागितला तरी तुम्ही तो त्याच सहजतेने सांगून बसाल.

यूपीआय सुरू करताना मी स्वतः केलेली एक व्यवस्था सांगते. ज्या खात्यात निवृत्तिवेतन आणि ठेवी आहेत त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. एक वेगळे छोटे बचत खाते ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते चार-पाच हजार रुपये टाका आणि फोन फक्त त्याच खात्याशी जोडा. चूक झालीच तर तिची मर्यादा ठरलेली राहते. आणि हे एक पाठ करून ठेवा : यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, पैसे घ्यायला कधीही लागत नाही. तुम्हाला पैसे परत देतो असे सांगून जो पिन टाकायला सांगेल तो चोर आहे.

वीज तोडण्याच्या संदेशाबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्या संदेशात रात्रीची वेळ मुद्दाम घातलेली असते, कारण त्या वेळी कचेरी बंद असते आणि माणूस एकटा असतो. महावितरण अशा कामासाठी कोणाच्या खासगी मोबाइलवर फोन करायला किंवा एखादे ॲप उतरवायला सांगत नाही. थकबाकी आहे का, हे बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या स्वतःच्या ॲपवर किंवा सकाळी कचेरीत जाऊन पाहता येते. तो माणूस उतरवायला सांगत होता त्या ॲपने तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसला असता, त्यावर येणारा प्रत्येक ओटीपीसुद्धा. पोलीस किंवा सीबीआय असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणारे लोकही याच जातीचे आहेत. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. कधी पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा. आपल्या हातून पिन किंवा ओटीपी गेला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालापासूनचा नियम आहे, म्हणून अर्ध्या तासालाही किंमत आहे. एकट्या राहणाऱ्या बायका "मुले काय म्हणतील" या विचाराने दोन दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे हातातून पूर्ण निसटतात. तुम्ही तसे करू नका.

सोलरला मात्र आज नाही म्हणा, आणि नाही म्हणताना खंत बाळगू नका. प्रधानमंत्री सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचे अनुदान १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये असे ठरलेले आहे. दारात आलेल्या माणसाच्या तोंडच्या मुदतीवर जाऊ नका. योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर जे असेल तेच खरे. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावे होतो, म्हणजे आधी वीजबिल तुमच्या नावावर यावे लागेल. आणि मुख्य प्रश्न गरजेचा आहे. १ किलोवॉटचा संच आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास. तुमचा वापरच ८०-९० युनिट आहे, आणि १०० युनिटपर्यंतचा दर घरगुती ग्राहकांसाठी सगळ्यांत कमी असतो. इतक्या लहान बिलातून मोठा खर्च भरून यायला फार वर्षे लागतील. तुम्ही याच घरात राहणार का, मुलाकडे काही महिने जाणार का, गच्ची गळते का, हे ठरल्यानंतर या विषयाकडे परत या. दिरांना सांगा, "वर्षश्राद्ध झाल्यावर बघू." हे उत्तर आपल्याकडे कोणी मोडत नाही, आणि त्याचा आधार घेण्यात काही गैर नाही.

वायफायचा मोठा प्लॅनही नको. एका माणसाला व्हिडिओ कॉल, बातम्या आणि मालिका यांसाठी सर्वांत लहान प्लॅन पुरतो, आणि महिनाभर पाहून वापर अगदी थोडा दिसला तर मोबाइलच्या डेटावरही भागेल. फक्त बंद करण्याआधी घरात कॅमेरा किंवा टीव्ही त्याच जोडणीवर चालतो का, ते पाहा. घरात कॅमेरा असेल तर त्याचा पासवर्ड बदलून घ्या, कारण बसवणाऱ्याला जुना माहीत असू शकतो. नवा फोन घेण्याचीही घाई नाही. ज्या फोनवर तुमची बोटे सरावली आहेत तो चालतो आहे तोवर चालू द्या. दुःखाच्या दिवसांत नवा पडदा, नवी बटणे आणि वेगळी मांडणी यांचा ताण मुलीला दुरून कळणार नाही.

आता एक कंटाळवाणे पण सर्वांत उपयोगी काम. बँकेतून मागच्या बारा महिन्यांचे पासबुक भरून आणा आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक वजावटीपुढे ती कशाची हे लिहा. विमा, गॅस, रिचार्ज, टीव्हीचे वार्षिक सदस्यत्व, संगणकाचे अँटिव्हायरस, पाण्याच्या यंत्राचा देखभाल करार, सगळे त्यात सापडेल. वर्षातून एकदाच येणारी वजावट ह्यांच्या फोनवरच्या निरोपांपेक्षा पासबुकात आधी दिसते. जे ओळखू येणार नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करा आणि तेवढेच मुलाला विचारा. एक साधी वही करा, डाव्या पानावर वस्तू किंवा सेवा, उजव्या पानावर ग्राहक क्रमांक, कोणाच्या नावावर आहे, पुढची तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन. पिन आणि पासवर्ड त्या वहीत लिहू नका, ते वेगळ्या ठिकाणी, दागिन्यांसारखे ठेवा. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र भरपूर काढून आणा, प्रत्येक ठिकाणी एक लागते.

शेवटी तुमच्या रागाबद्दल. तो लिहायला तुम्हाला संकोच वाटला, पण मला तो वाचून बरे वाटले, कारण तो मीही अनुभवला आहे आणि कोणाजवळ बोलले नव्हते. माझ्या यजमानांच्या कपाटात मला गुंडाळलेल्या तारांची एक पिशवी सापडली होती. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली होती, पण चिठ्ठीवर लिहिलेले मला एकही अक्षर समजत नव्हते. त्या पिशवीसमोर बसून मी रागाने रडले होते. नंतर कळले की त्यांनाही ते सगळे जन्मतः येत नव्हते. मेकॅनिकला विचारून, एखादी वस्तू जाळून, दोनदा फसून ते शिकले होते, आणि ते शिकणे मला दिसत नव्हते, कारण त्या वेळी मी दुसऱ्या खोलीत मुलांचा अभ्यास घेत होते. तुमच्या यजमानांनी दोनदा शिकवू पाहिले आणि तुम्ही "तुम्ही आहात ना" म्हणालात, यात दोष कोणाचाच नाही. ते वाक्य तुम्ही विश्वासाने म्हणाला होतात. वीजबिल भरायचे ते अर्धवट राहिलेले शिकणे या महिन्यात पूर्ण करा, आणि ते जमले की मला एक ओळ लिहून कळवा.


प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, अकोल्याला असतो. गेल्या वर्षी पत्नी गेली. आमच्याकडे उलटे होते. फोनमधले सगळे तिलाच यायचे. तिच्या फोनमध्ये नातीला पाठवलेले तिचे आवाजी निरोप आहेत. आता त्या फोनची मागची बाजू फुगून वर आली आहे. दुकानदार म्हणतो, तो देऊन टाका, नव्या फोनवर सूट मिळेल. शिवाय "जागा भरली" असा गूगलचा निरोप सारखा येतो. फोन उघडण्याची तिची खूण मला माहीत आहे. काय करावे?

— एक वाचक, अकोला

उत्तर : फोन देऊ नका, पण तो आहे तसा चार्जही करू नका. मागची बाजू फुगणे म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबली, टोचली किंवा तापली तर पेट घेऊ शकते. फोन बंद करा, उशाखाली किंवा बंद पेटीत न ठेवता मोकळ्या जागी, उन्हापासून दूर ठेवा आणि त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात फक्त बॅटरी बदलून मागा. "आतला एकही तपशील पुसायचा नाही" हे तुमच्यासमोर पावतीवर लिहून घ्या, कारण दुरुस्तीच्या वेळी फोन कोरा करण्याची सवय अनेक ठिकाणी असते आणि कोरा झालेला फोन परत भरता येत नाही. खूण तुम्हाला माहीत आहे हे फार मोठे भाग्य आहे. ज्यांना ती माहीत नसते त्यांना "उघडून देतो" म्हणणारे बहुतेक जण शेवटी सगळे पुसूनच फोन उघडतात.

बॅटरी बदलून आली की पहिल्याच दिवशी आवाज उतरवून घ्या. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप "व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स" या नावाच्या कप्प्यात तारखेनुसार ठेवलेले असतात. फोन संगणकाला जोडून तो संपूर्ण कप्पा पेनड्राइव्हवर घेता येतो. हे काम जवळच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून, तुमच्या घरी, तुमच्यासमोर करून घ्या. तुमचे जुने विद्यार्थी गावात असतीलच. नातीच्या फोनमध्येही तेच निरोप असण्याची शक्यता आहे, तिलाही ते जपून ठेवायला सांगा. तोपर्यंत पत्नीच्या क्रमांकाचे रिचार्ज चालू ठेवा आणि बॅटरी बदलल्यानंतर अधूनमधून व्हॉट्सॲप उघडत जा, कारण साधारण १२० दिवस न वापरलेले खाते व्हॉट्सॲप काढून टाकते.

गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी असते. ती भरली म्हणून जुने फोटो लगेच जात नाहीत. नवे साठणे आणि नवी पत्रे येणे थांबते. म्हणून आज पैसे भरण्याची गरज नाही. मात्र दोन वर्षे कोणीच न उघडलेले खाते गूगल पुसू शकते, हे लक्षात असू द्या. "गूगल टेकआउट" या सोयीने सगळे फोटो एकत्र उतरवता येतात. ते एका हार्डडिस्कवर घ्या आणि दुसरी प्रत मुलीकडे ठेवा. तुमच्या स्वतःच्या खात्यासाठी गूगलमध्येच अशी व्यवस्था आहे, की तुम्ही ठरवलेले ३ ते १८ महिने खाते वापरले गेले नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला त्यातले फोटो आणि कागद मिळावेत. ती मुलीसोबत बसून एका दुपारी भरून टाका. पत्नीच्या खात्यात ती असती तर आज तुम्हाला इतकी शोधाशोध करावी लागली नसती.

नव्या फोनवरची सूट नंतरही मिळेल. पेनड्राइव्हवर उतरवलेल्या निरोपांपैकी दोन-तीन दुसऱ्या संगणकावर लावून ऐका, सुरुवातीचा एक, मधला एक आणि शेवटचा एक. तिन्हींत त्यांचा आवाज नीट ऐकू आला, की मग तो फोन बंद करून ठेवायचा का चालू, हे निवांत ठरवा.